कानापुढचा उतार

दात पुढे आहेत म्हणून एकोणीस वर्षांची मुलगी आईबरोबर ब्रेसेससाठी येते. तक्रार एवढीच. दुखत काही नाही, तोंड पूर्ण उघडतं, कच्चा पेरू कचाकचा खाते. उपचाराआधी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे, काढलेला असतो आणि अहवालाच्या तळाशी एक ओळ असते: दोन्ही कंडाइलचा पुढचा भाग किंचित चपटा, सांध्याचा उतार तीव्र. आईची नजर नेमकी त्या ओळीवर जाते. "चपटा म्हणजे झिजला का हो? दात पुढे म्हणून हाड झिजलं, की हाड झिजलं म्हणून दात पुढे आले?" तोवर मुलगी मोबाइलमधून डोकं वर काढते आणि कानापुढे बोट ठेवून तोंड उघडून-मिटून बघायला लागते. तिथे सांधा असतो हे तिला त्या क्षणापर्यंत ठाऊकही नव्हतं. आता तिला तिथे काहीतरी होतंय असं वाटू लागतं.

आईचा प्रश्न मात्र चोख आहे. आधी दात की आधी सांधा, यावर दंतवैद्यकात शंभर वर्षं तरी वाद चालले, आणि त्यातले निम्मे वाद दोन्ही बाजूंना 'नेहमी' हा शब्द फार आवडत असल्यामुळे लांबले.

दोन्ही तर्जनी कानाच्या भोकापुढे बोटभर अंतरावर ठेवून सावकाश तोंड उघडलं की आधी काही सरकत नाही, आतल्या आत फिरल्यासारखं होतं. पुढच्या दातांमध्ये दोन-अडीच सेंटिमीटर फट पडेपर्यंत कंडाइल, म्हणजे खालच्या जबड्याचं वरचं गोलसर टोक, आपल्या जागीच गिरकी घेतं. त्यानंतर ते बोटाखालून निसटून पुढे आणि खाली जातं आणि त्याने सोडलेल्या जागेत बोटाला खळगा लागतो. ४० ते ५० मिलिमीटरचा पूर्ण 'आ' हा असा दोन हप्त्यांत होतो. कंडाइल पुढे जातं ते सपाटीवरून नाही, कानशिलाच्या हाडाला असलेल्या एका उतारावरून. खोबणीतून निघून उंचवट्याच्या माथ्यापर्यंत. कंडाइल बाजूकडून बाजूकडे १५ ते २० मिलिमीटर रुंद आणि पुढून मागे जेमतेम ८ ते १०. हाड आणि हाड यांच्यामध्ये चकती असते, मधोमध मिलिमीटरभर पातळ आणि मागच्या कडेला त्याच्या दुप्पट-तिप्पट जाड. दोन्ही हाडांवरचं आवरण गुडघ्यातल्या काचेसारख्या कूर्चेचं नसतं, तंतुमय असतं. हा फरक लहान वाटतो, पण पुढचं सगळं त्यावर उभं आहे: हे आवरण घासलं की नुसतं झिजत बसत नाही, दाबाप्रमाणे खालच्या हाडाचा आकार बदलून घेतं. मोठ्या वयातही घेतं.

तान्ह्या बाळाच्या कवटीत हा उतार नसतोच. खोबण जवळजवळ सपाट. दूध ओढायला जबडा पुढे-मागे हलला की पुरतं, त्याला उतार कशाला हवा? दुधाचे दात येऊ लागतात, बाळ पोळीचा तुकडा चघळायला शिकतं आणि खोबणीपुढचा उंचवटा झपाट्याने वाढू लागतो. दोन वर्षांच्या सुमारास तो मोठ्या माणसाच्या जवळजवळ निम्मा झालेला असतो, दहाव्या वर्षी सुमारे ७० टक्के, आणि उरलेली वाढ विशीपर्यंत रेंगाळत चालते. दात येण्याचं आणि उंचवटा येण्याचं वेळापत्रक असं हातात हात घालून चालत असल्यामुळे 'दातांनीच सांधा घडवला' असं म्हणायचा मोह होतो. तो पुरता खोटा नाही, पुरता खराही नाही.

१८९९ मध्ये एडवर्ड अँगल यांनी दातांच्या ठेवणीचे तीन वर्ग पाडले, तेही एकाच खुणेवर: वरच्या पहिल्या कायमच्या दाढेचं पुढचं गालाकडचं टोक खालच्या दाढेच्या खाचेत बसतं, तिच्या पुढे पडतं की मागे. हे वर्ग घेऊन सांधे मोजायला बसलं की सरासरीत फरक दिसतात. खालचा जबडा पुढे असलेल्या तिसऱ्या वर्गात खोबण रुंद आणि उथळ, उतार सपाटीकडे झुकलेला, कंडाइल लांबट आणि पुढे कललेलं. दुसऱ्या वर्गाच्या दुसऱ्या प्रकारात, जिथे वरचे मधले दात आत झुकून खालच्या दातांवर डब्याच्या झाकणासारखे बसतात, तिथे उतार उभा. कारणही पटण्यासारखं आहे. झाकण बसलेलं असताना जबडा सरळ पुढे जाऊच शकत नाही, त्याला आधी खाली उतरावं लागतं. मागचा सांधाही खाली उतरूनच पुढे जायला शिकतो. पुढे दातांचा उतार, मागे हाडाचा उतार, आणि जबडा या दोहोंच्या मध्ये चालतो.

पण तारखा लावून बघा.

वरचे कायमचे पटाशीचे दात सातव्या-आठव्या वर्षी येतात. तोवर हाडाचा उतार अर्ध्याहून अधिक झालेला असतो. जो दात अजून हिरडीतच आहे तो मागच्या हाडाला वळण कसा लावेल? त्यामुळे डीप बाइटने, म्हणजे त्या झाकणासारख्या चाव्याने, उभा उतार घडवला हे एवढ्यावर संपत नाही. या मुलांचे जबड्याचे स्नायू बहुधा दणकट असतात, चेहरा चौकोनी, खालचा तिसरा हिस्सा आखूड. ही चेहऱ्याची बांधणी बऱ्याच अंशी घराण्यातून आलेली, आणि तीच दातांनाही एका बाजूने ढकलते, सांध्यालाही. त्यामुळे डीप बाइट आणि उभा उतार यांना बाप-लेक म्हणण्यापेक्षा भावंडं म्हणणं जास्त बरोबर. आणि वर सांगितलेले फरक सरासरीचे आहेत. एकेका माणसाचा सांधा हातात घेऊन 'हा तिसऱ्या वर्गाचा' असं सांगणारा कोणी भेटला तर त्याला आणखी दहा दाखवावेत. चार तरी चुकतील.

वाघाच्या कवटीत या प्रश्नाला जागाच नाही. त्याचं कंडाइल आडवं दंडगोल असतं आणि खोल पन्हाळीत घट्ट बसतं, जबडा उघडतो आणि मिटतो, बस्स. गाईचा सांधा सपाट आणि दातांच्या पातळीपासून खूप उंचावर, कारण तिला आडवं दळायचं असतं. उंदराची खोबण पुढून मागे लांबट, कुरतडताना जबडा पुढे, चावताना मागे. या तिघांचे सांधे बघून ते काय खातात ते सांगता येतं. माणूस तोडतोही, दळतोही आणि वर बोलतो. त्यामुळे त्याचा सांधा कुठल्याच एका कामाचा नाही आणि त्यात माणसागणिक फरक इतका, की 'नॉर्मल उतार' म्हणून ३० पासून ६० अंशांपर्यंतचे आकडे पुस्तकात आढळतात.

दात सांध्याला वळण लावतात हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते सहा-सात वर्षांच्या मुलाच्या एका बाजूच्या क्रॉसबाइटमध्ये, म्हणजे त्या बाजूचे वरचे दात खालच्यांच्या आत बसतात तेव्हा. अंगठा चोखण्याने, तोंडाने श्वास घेण्याने किंवा नुसत्या ठेवणीने वरचा जबडा अरुंद राहतो. दात मिटताना सुळा सुळ्यावर आपटतो आणि मूल त्यातून वाट काढायला जबडा एका बाजूला सरकवतं. ओळखायची रीत सोपी आहे. मुलाला मोठा 'आ' करायला सांगायचं आणि वरच्या-खालच्या दातांच्या मधल्या रेषा बघायच्या. मग सावकाश मिटायला लावायचं. तोंड उघडं असताना रेषा जुळतात आणि मिटताना शेवटच्या दोन मिलिमीटरमध्ये हनुवटी बाजूला पळते, तर दोष अजून वळणाचा आहे, हाडाचा नाही. मिटलेल्या स्थितीत क्रॉसबाइटकडचं कंडाइल खोबणीत वर-मागे दाबलेलं असतं आणि दुसऱ्या बाजूचं उतारावरून खाली-पुढे ओढलेलं. दिवसभर घास गिळताना, चावताना, मूल याच अवस्थेत. वाढीची चार-सहा वर्षं अशी गेली की दोन्ही बाजू आपापल्या दाबाप्रमाणे वाढतात आणि पंधराव्या वर्षी तोंड उघडलं तरी रेषा जुळत नाहीत. मग ते प्लेटने सुटत नाही.

सातव्या वर्षी मात्र सुटतं, आणि अगदी साध्या साधनाने. टाळूवर अॅक्रिलिकची प्लेट, मधोमध स्क्रू. किल्लीने पाव फेरा दिला की साधारण पाव मिलिमीटर रुंदी वाढते. सावकाश रुंद करायचं तर आठवड्यातून एक-दोन फेरे. थांबायचं नेमकं बरोबर झाल्यावर नाही, थोडं जास्त झाल्यावर: वरच्या दाढांची आतली टोकं खालच्या दाढांच्या बाहेरच्या टोकांवर टेकू लागली की. मग तीच प्लेट निदान तीन महिने तशीच ठेवायची. बिघडतं ते घरी. किल्ली बाणाच्या उलट फिरवली जाते, लग्नाला गेल्यावर आठवडाभर प्लेट डबीत राहते आणि परत घालताना बसत नाही, मग मूल ती जिभेने खालीवर करत खेळतं. प्लेट घट्ट बसत नसेल तर जास्त फेरे देऊन उपयोग नसतो. आधी मागे फिरवून बसवावी लागते.

याच वयाच्या पुढे, दहा ते तेराच्या दरम्यान, ट्विन ब्लॉकचं प्रकरण येतं. स्कॉटलंडमधल्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ मध्ये सुरू केलेलं हे साधन: वरची-खालची प्लेट, दोन्हींवर सुमारे ७० अंशांचे तिरके ठोकळे, मिटलं की खालचा जबडा पुढे घसरतो. मुलं ते घालून पहिले चार दिवस बोबडं बोलतात, लाळ गळते, जेवताना काढून रुमालात ठेवतात आणि रुमाल कचऱ्यात जातो. नऊ-दहा महिन्यांत पुढे आलेले दात जागेवर येतात, हनुवटी पुढे दिसते, आणि 'जबडा वाढवून देतो' अशी पाटी लागते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत कंडाइलची वाढ वेगवान होते हे खरं. मुलांवरच्या मोठ्या चाचण्यांत मात्र लवकर सुरुवात केलेली आणि थांबून केलेली मुलं वाढ संपेपर्यंत जवळपास एकाच ठिकाणी पोचली. फरक पडतो तो बराचसा दातांच्या झुकण्यातून. म्हणून साधन वाईट ठरत नाही; सायकलवरून पडल्यावर पुढे आलेले दात तुटतात, ते वाचतात, शाळेत चिडवणं थांबतं. पण दातांचं श्रेय हाडाला देऊ नये.

या वयात मोजमाप फसतं ते आणखी एका गोष्टीने. दात पुढे असलेली मुलं-मुली आरशासमोर शिकून जबडा पुढे धरून बसतात. दंतवैद्य त्याला 'संडे बाइट' म्हणतात, बाहेर जाताना घालायचा चावा. तसंच माप घेतलं तर ९ मिलिमीटरची फट ५ भरते. जिभेचं टोक टाळूवर जितकं मागे जाईल तितकं मागे न्यायला सांगून मग दात मिटायला लावले की जबडा बहुतेक वेळा खोबणीत परततो.

सीबीसीटीच्या बाबतीतही हेच. हनुवटी टेकवून, दातांमध्ये कापसाचा बोळा ठेवून काढलेल्या चित्रात कंडाइल उतारावर पुढे सरकलेलं असतं आणि अहवाल लिहिणारा त्याला 'पुढे सरकलेलं' असंच लिहितो. दात पूर्ण मिटलेले हवेत. काप डोक्याच्या मध्यरेषेला समांतर घेऊन चालत नाही, कारण कंडाइल स्वतःच तिरकं असतं; त्याच्या लांबीला काटकोनात काप घेतला तरच पुढची, वरची, मागची फट खरी दिसते. चकत्या जागेवर असलेल्या, दुखणं नसलेल्या सांध्यांत या फटी साधारण १.३, २.५ आणि २.१ मिलिमीटर भरल्या आहेत. आणि चपटेपणा? बाहेरची पांढरी रेघ अखंड, गुळगुळीत असेल तर किंचित चपटा भाग म्हणजे दाबाप्रमाणे बदललेला आकार, आजार नव्हे. रेघ कुरतडलेली, मध्येच तुटलेली, खाली खड्डा, कडेला टोक आलेलं, तर ती झीज. वाढत्या वयात ही रेघ अजून पुरती तयारही नसते, त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलाच्या चित्रात ती शोधून घाबरू नये. चकती या चित्रात दिसतच नाही. ती बघायची तर एमआरआय.

सगळे दात गेल्यावर काय उरतं? सांधा उरतो, आपल्या उतारासकट. कवळी करणाऱ्याला हे रोज भेटतं. साध्या आर्टिक्युलेटरवर, म्हणजे साचे बसवून जबड्याची हालचाल करून बघायच्या यंत्रावर, हा उतार कारखान्यातूनच ३० अंशांच्या आसपास बसवलेला असतो. समोरच्या आजोबांचा ४२ अंश असेल, तर खुर्चीत मिटून बघताना कवळी झकास बसते आणि घरी भाकरी पुढच्या दातांनी तोडायला जबडा पुढे गेला की मागच्या दाढा एकमेकींपासून सुटतात, वरची कवळी मागून खाली येते. ही मागची फट कार्ल क्रिस्टेन्सेन यांनी १९०५ मध्येच दाखवली होती. उतार २० असेल तर उलट: दाढांची टोकं आपटतात, कवळी हिरडीवर घासते आणि तिसऱ्या दिवशी फोड. उपाय फार कष्टाचा नाही. जबडा साधारण ६ मिलिमीटर पुढे घेऊन मऊ केलेल्या मेणात चावून घ्यायचं, मेण गार पाण्यात कडक करायचं, उतार बदलता येणाऱ्या आर्टिक्युलेटरवर ते दोन्ही साच्यांमध्ये बसवायचं, बाजूचे स्क्रू सैल करून साचे मेणात नीट बसेपर्यंत उतार हलवायचा आणि स्क्रू आवळायचे. दहा मिनिटांचं काम. माप पाचपेक्षा कमी मिलिमीटर पुढे घेऊन केलं तर आकडा भरवशाचा येत नाही, एवढं सांभाळावं.

इथवर दात सांध्याला वळण लावत होते किंवा त्याच्याशी जुळवून घेत होते. उलट दिशा जास्त क्रूर आहे.

चार वर्षांचं मूल ओट्यावरून हनुवटीवर पडतं. हनुवटीखाली जखम, चार टाके, घरी. धक्का मात्र हाडातून थेट कानापुढे गेलेला असतो. या वयात कंडाइलचं डोकं मऊ, रक्ताने भरलेलं. ते आतच फुटतं, सांध्यात रक्त साठतं. दुखतं म्हणून मूल तोंड उघडत नाही, आईही पातळ भात भरवते, आणि रक्ताच्या जागी हाड तयार होऊन जबडा कवटीला चिकटतो. वाढीचं केंद्रच गेल्यामुळे त्या बाजूचा जबडा आखूड राहतो, हनुवटी त्याच बाजूला वळते. गंमत अशी की दुखरी बाजू भरलेली, गोबरी दिसते आणि चांगली बाजू ओढल्यासारखी चपटी; घाईत चुकीच्या बाजूचा सांधा उघडायची वेळ येऊ शकते. दात वेडेवाकडे, किडलेले, कारण ब्रश आत जात नाही. शस्त्रक्रियेत चिकटलेलं हाड कापून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर फट पाडतात, कानशिलाच्या स्नायूचा पदर मध्ये घालतात, टेबलावरच ३५ मिलिमीटर तोंड उघडल्याशिवाय थांबत नाहीत. त्यानंतर काही महिने रोज रडत-ओरडत तोंड उघडण्याचा व्यायाम. तो बंद पडला की पुन्हा चिकटतं, शस्त्रक्रिया कितीही सुबक असो. म्हणून हनुवटीखाली टाके घालताना कानापुढे दाबून बघावं, तोंड उघडताना हनुवटी कुठे जाते ते बघावं, आणि सांधा मोडला असेल तरी जबडा महिना-महिना बांधून ठेवू नये. लहान मुलांत आठ-दहा दिवस पुष्कळ झाले, बऱ्याचदा तेवढेही लागत नाहीत.

दुसरा प्रकार तरुण मुलींत जास्त. काही लागलेलं नसतं, आणि दोन्ही कंडाइल हळूहळू विरघळू लागतात. मागचा आधार खचला की जबडा मागे फिरतो, दाढा टेकतात पण पुढचे दात उघडे राहतात. सुईत ओवायचा दोरा पूर्वी दातांनी तुटायचा, आता तुटत नाही, अशी तक्रार येते. इथे ओपन बाइट हे सांध्याच्या आजाराचं फळ आहे, कारण नव्हे.

हीच उलटापालट दुखण्याच्या बाबतीत झाली. १९३४ मध्ये जेम्स कॉस्टेन या कान-नाक-घशाच्या अमेरिकन डॉक्टरांनी मांडलं की मागचे दात गेल्याने जबडा जास्त मिटतो, कंडाइल मागे दाबलं जातं आणि कान दुखतो, आवाज येतात. शरीररचनेच्या अभ्यासकांनी ते कारण खोडून काढलं. दंतवैद्यांनी तोवर ते मनावर घेतलं होतं, आणि जबडा दुखतो म्हणून चांगले दात घासून 'चावा जुळवण्याची' लाट आली. १९९३ मध्ये पुलिंजर आणि सहकाऱ्यांनी दातांची अकरा लक्षणं एकत्र तोलून पाहिली. त्यातली मोजकीच टिकली: पुढचा ओपन बाइट, सहा-सात मिलिमीटरहून जास्त पुढे आलेले दात, एका बाजूचा क्रॉसबाइट, पाच किंवा जास्त दाढा गेलेल्या, मिटताना जबडा चार मिलिमीटरहून जास्त सरकणं. तरी सगळी मिळून हिस्सा दहा-वीस टक्क्यांच्या आसपास. त्यातलाही ओपन बाइट पुष्कळदा आजाराचाच परिणाम. घासलेलं इनॅमल परत येत नाही, एवढा हिशेब तरी घासणाऱ्याने करावा.

'टक' असा आवाज पुष्कळ लोकांच्या सांध्यात येतो. चकती थोडी पुढे सरकलेली असते, कंडाइल तिच्या मागच्या कडेवरून उडी मारून तिच्यावर चढतं. दुखत नसेल, अडकत नसेल तर त्याला हात लावू नये. आवाज अचानक बंद झाला आणि तोंड २५-३० मिलिमीटरच उघडतंय, हनुवटी त्या बाजूला ओढली जातेय, तर मात्र लगेच दाखवावं. आपल्याकडे एक भर: गुटखा-खर्रा खाणाऱ्याचं तोंड उघडत नसेल तर आधी गालाच्या आत बोट फिरवावं. दोरीसारखे कडक पट्टे लागले, तर दोष गालाच्या अस्तरात आहे, सांध्याचा एमआरआय काढून पैसे घालवू नयेत.

रात्री दात खाणाऱ्यांसाठी कडक अॅक्रिलिकची, दाढांवर दोन-तीन मिलिमीटर जाडीची प्लेट पुरते; सगळे दात तिच्यावर एकदम टेकले पाहिजेत. फक्त पुढच्या दातांवर बसणारी प्लेट महिनोन् महिने वापरली की मोकळ्या राहिलेल्या दाढा वाढून येतात आणि नसलेला ओपन बाइट तयार होतो. गरम पाण्यात मऊ करून चावायच्या ऑनलाइन प्लेटवर काही जण उलट जास्त चावतात.

ब्रेसेस लावण्याआधी मग काय नोंदवायचं? पुढच्या दातांतलं उघडणं मिलिमीटरमध्ये, त्यात वरचे दात खालच्यांना जेवढे झाकतात ते मिळवून. उघडताना हनुवटीचा मार्ग सरळ की वाकडा. आवाज असेल तर किती मिलिमीटरवर. आणि पुढचा चावा गेल्या वर्षभरात आपोआप उघडलाय का, जुने हसरे फोटो मागवून. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हो असेल, तर दातांचं स्कॅनिंग करून सहा महिने थांबायचं, पुन्हा करायचं आणि दोन्ही एकमेकांवर ठेवून पाहायचं. पुढची फट वाढली असेल तर आधी सांध्याचा आणि संधिवाताचा तपास, वायर नंतर. तेवढीच असेल तर आणखी सहा महिन्यांनी तिसरं स्कॅनिंग, आणि तेही जुळलं की वायर घालायला हरकत नाही.